पंगत उठल्यावर

माझ्या फोनमध्ये 'माऊली' या नावाने सुरू होणारे अकरा कॉन्टॅक्ट आहेत. माऊली वीणा, माऊली ट्रक, माऊली लोणंद, माऊली गुडघा (यांनी मला गुडघ्याला लावायचं तेल दिलं होतं), माऊली परभणी, वगैरे. २०२३च्या जूनमध्ये आळंदी ते पंढरपूर चालताना हे नंबर घेतले. खरी नावं विचारायचं तेव्हा सुचलंच नाही. समोरच्यांनी मला काय नावाने सेव्ह केलंय हे एकाच्या फोनवर डोकावून पाहिलं होतं. तिथे लिहिलं होतं, 'बोईसर चार्जर'.

मी सालवडचा. बोईसर स्टेशनवरून एमआयडीसीकडे रिक्षा करा, तारापूरच्या कारखान्यांना लागूनच आमचं गाव आहे. तुम्ही सालवडचं नाव ऐकलं नसेल, हरकत नाही. आता कामासाठी पुण्यात राहतो, कोड लिहितो. आमच्या घरात वारीची परंपरा नाही. परंपरा होती ती शटलच्या डब्यातल्या भजनाची. डहाणूपर्यंत लोकल २०१३ला आली. त्याआधी बाबा शटलने विरारला जात आणि तिथून लोकलने अंधेरीला. बावीस वर्षं त्यांचा एक ग्रुप होता. एकाच डब्यात, त्याच त्या खिडकीपाशी, टाळ पिशवीत. लहानपणी मी त्यांच्यातल्या सगळ्यांना आवाजावरून ओळखायचो, पण त्यांच्यातलं कुणी आमच्या घरी जेवायला आल्याचं मला आठवत नाही. बाबा निवृत्त झाले आणि ती बावीस वर्षांची दोस्ती महिन्याभरात संपली. भांडण नाही, काही नाही. गाडी सुटली, एवढंच.

त्यामुळे वारीला निघताना माझ्या डोक्यात विठ्ठलापेक्षा हाच प्रश्न जास्त होता. वाटेवरची मैत्री म्हणजे नक्की काय असतं?

एका मित्राच्या ओळखीने मराठवाड्यातल्या एका दिंडीत नाव लागलं. भिशी भरली, म्हणजे जेवणाखाण्याची, ट्रकची, तंबूची वर्गणी. रजेचं गणित जुळवलं. पुण्यात आयटी दिंडीही निघते, बरेच सहकारी एक दिवस आळंदी ते पुणे चालतात, फोटो टाकतात आणि सोमवारी ऑफिसला येतात. मी त्यांना नावं ठेवत नाही. मलाही तिसऱ्या दिवशी दिवेघाट चढताना त्यांचा फार हेवा वाटला होता. पुणे ते सासवड हा तीसेक किलोमीटरचा टप्पा एकाच दिवसात असतो आणि त्या वर्षी जून कोरडा होता. मान्सून रखडला होता. घाटात घामाने डोळे चुरचुरत होते आणि आजूबाजूचे शेतकरी आकाशाकडे बघत एकच विषय काढत होते, पेरणी.

मैत्री झाली ती ट्रकपाशी. सामानाच्या ट्रकवर एक जनरेटर आणि त्याला लावलेला एक एक्स्टेन्शन बोर्ड, चार सॉकेटचा. दिंडीत माणसं दोनशेच्या वर. माझ्याकडे सहा पोर्टचा चार्जर होता. पहिल्याच मुक्कामी मी तो लावला आणि एका रात्रीत प्रसिद्ध झालो. तिथेच परभणीकडचे एक काका भेटायचे. वय साठीच्या आसपास, उंच, डोक्याला फेटा, बटणांचा फोन. फोन चार्ज व्हायला लागायचा अर्धा तास, पण ते दोन तास बसत.

"कोणतं गाव म्हणायचं माऊली?"

"सालवड. बोईसरजवळ. पालघर जिल्हा."

"लई लांब. तिकडं पाऊस झाला का?"

चालायला लागल्यावर कळलं की आमच्या दोघांची जागाही शेजारीच आहे. दिंडीत वाटेल तिथे चालता येत नाही. पुढे पताकावाले, मग टाळकरी, मध्ये मृदंग, मग वीणेकरी, मागे तुळस आणि हंडा डोक्यावर घेतलेल्या बाया. टाळकऱ्यांच्या रांगा लागतात आणि एकदा रांग ठरली की माणूस सहसा ती सोडत नाही. अठरा दिवस माझ्या डाव्या हाताला तेच काका. मला टाळ धरता येत नव्हता. वाल्ह्यापर्यंत त्यांनी तो शिकवला, तोही न बोलता, स्वतःचा हात जरा वर धरून, मला दिसेल असा.

परत आल्यावर मी वारीचा इतिहास वाचायला घेतला, आणि बहुतेक ठिकाणी तो महाराजांचा, मानकऱ्यांचा आणि तिथींचा सापडला. पण जरा वाकडं बघितलं तर तो सोबत्यांचाही इतिहास आहे. मराठीत प्रवासातल्या मैत्रीची सगळ्यात जुनी गोष्ट बहुधा नामदेव-ज्ञानदेवांचीच असावी. नामदेवांच्या नावावर 'तीर्थावळी' नावाचं अभंगांचं प्रकरण आहे. दोघे उत्तरेकडे तीर्थयात्रेला निघतात. एक पंढरपूरचा शिंपी, दुसरा संन्याशाचा मुलगा म्हणून वाळीत टाकलेल्या घरातला. वाटेत पाणी मिळत नाही, विहीर खोल. ज्ञानदेव योगसामर्थ्याने खाली उतरून पाणी पितात. नामदेव विठ्ठलाचा धावा करतो आणि विहीरच भरून वर येते. यातले अभंग खरे कुणाचे, कधीचे, यावर अभ्यासक वाद घालतात. घालोत. मला त्यातलं आवडतं ते असं की दोन मित्रांची तहान एकच आहे, पण पाण्यापर्यंत जायच्या रीती वेगळ्या. आणि पुढे १२९६ साली आळंदीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली, त्याबद्दलचे नामदेवांच्या नावाचे अभंग आहेत, त्यात सोबती गमावल्याचा शोक आहे.

तुकोबांच्या भोवती चौदा टाळकरी होते असं परंपरा सांगते. त्यांत चाकणचे संताजी जगनाडे तेली होते आणि गंगाराम मवाळ ब्राह्मण. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणाऱ्यांमध्ये या दोघांची नावं येतात. म्हणजे गाथा आपल्यापर्यंत आली ती अंशतः टाळ धरणाऱ्या मित्रांमुळे. तुकोबांचे धाकटे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली देहूहून पालखी सुरू केली. तुकोबांच्या पादुका, आणि आळंदीहून घेतलेल्या ज्ञानोबांच्या, एकाच पालखीत. दोघांमध्ये साडेतीनशे वर्षांचं अंतर, पण पालखीत शेजारी शेजारी. 'ज्ञानोबा-तुकाराम' हा गजर आपण एका दमात करतो, तो त्या काळापासून सांगितला जातो.

आजची ज्ञानेश्वर महाराजांची वेगळी पालखी मात्र हैबतबाबांची. हे साताऱ्याकडच्या आरफळ गावचे, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी असलेले सरदार. नोकरी आटोपून धनदौलत घेऊन गावाकडे येताना सातपुड्यात लुटारूंनी धरलं, गुहेत कोंडलं, तिथे त्यांनी हरिपाठाचा धोशा लावला आणि एकविसाव्या दिवशी सुटका झाली, असं सांगतात. सुटल्यावर ते घरी गेलेच नाहीत, आळंदीला आले. १८३२च्या सुमारास त्यांनी स्वतंत्र सोहळा उभा केला. बेळगावकडच्या अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे आणि तंबू दिले. आजही माऊलींचा अश्व अंकलीहून चालत आळंदीला येतो.

हैबतबाबा फौजेतले होते हे एकदा कळलं की दिंडी नीट समजते. रथापुढे सत्तावीस दिंड्या, बाकीच्या रथामागे, प्रत्येकीला नंबर. नंबर चुकवायचा नाही. संध्याकाळी तळावर समाजआरती होते. सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोल उभ्या राहतात, टाळांचा कल्लोळ चालू असतो आणि चोपदार चांदीचा दंड उंच करतो. त्यासरशी लाखभर माणसं गप्प. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती टाळ वाजवतच राहते, तिचं म्हणणं ऐकून घेईपर्यंत. मग हरवलं-सापडलंच्या घोषणा. अमक्या दिंडीतल्या माऊलीचं पाकीट सापडलंय, तमक्या गावच्या आजी चुकल्या आहेत. मला वारीतला सगळ्यात सुंदर भाग कुठला वाटला विचाराल तर रिंगण नाही, हा. तक्रार करायची रीत ठरलेली आहे आणि ती टाळ वाजवून करायची आहे.

सांगायचा मुद्दा असा की वारीतली मैत्री आपोआप उगवत नाही. तिच्यासाठी वाफे घातलेले आहेत. नाव एकच, माऊली. पाया एकमेकांच्या पडायचं, आधी कोण हे वयावर नाही. रांग ठरलेली. गाणं सगळ्यांना पाठ असलेलं, त्यामुळे ओळख नसलेल्या माणसाशी बोलायला विषय शोधावा लागत नाही. माझ्यासारख्या लाजऱ्या माणसाला याचा केवढा आधार असतो ते लाजऱ्यांनाच कळेल.

पण वाफ्याला बांधही असतो.

चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून १३३८ साली गेले असं मानतात. नामदेव तिथे गेले, ढिगाऱ्यातून त्यांची हाडं गोळा केली आणि पंढरपूरला आणून महाद्वारासमोर समाधी बांधली. ही कथा मी लहानपणापासून ऐकलेली. मित्राची हाडं वेचायला जाणारा मित्र! पण समाधी झाली ती देवळाच्या बाहेर. आत जायची वाट त्यानंतर सहाशे वर्षं बंदच होती. १९४७ साली साने गुरुजी आधी महाराष्ट्रभर फिरले आणि मग १ मेपासून पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. दहा दिवसांनी, १० मेला, दलितांना मंदिर उघडायचं ठरलं तेव्हा उपोषण सुटलं. म्हणजे स्वातंत्र्याच्या तीन महिने आधीपर्यंत असे वारकरी होते जे अडीचशे किलोमीटर चालत येत आणि दारातूनच परत जात. आणि त्यांच्यासोबत चालत आलेले आत जात. एकमेकांना माऊली म्हणत आलेली माणसं त्या दारापाशी काय बोलत असतील, याचा विचार मी बराच केला. बहुधा काहीच बोलत नसतील. ती रीत होती.

मंदिर उघडल्यावर दोनच वर्षांनी, १९४९ साली, इरावती कर्वे यांचं 'परिपूर्ती' हे पुस्तक आलं. त्यात 'वाटचाल' नावाचा लेख आहे. पुढे १९६२ला त्याचं इंग्रजी रूप अमेरिकेतल्या एका संशोधनपत्रिकेत छापलं गेलं आणि जगभरचे अभ्यासक वारीबद्दल लिहिताना त्याचा हवाला देऊ लागले. पंढरपूरला ज्या देशातली माणसं जातात तो महाराष्ट्र, ही त्यांची व्याख्या तुम्ही कुठेतरी ऐकली असेल, ती याच लेखातली. ती इतकी लोकप्रिय झाली की लेखात आणखी काय आहे हे लोक विसरले.

त्यात आहे असं. इरावतीबाई, डेक्कन कॉलेजातल्या मानवशास्त्राच्या प्राध्यापक, एका दिंडीबरोबर चालतात. दिंडीत ब्राह्मण बायका आहेत, मराठा बायका आहेत. दिवसभर सगळ्या एकत्र चालतात, एकत्र गातात. मुक्कामाला आलं की स्वयंपाक वेगळा, पंगत वेगळी. बाईंना ते सोसत नाही. त्या मराठा बायकांच्या पंगतीत जाऊन जेवतात. त्यानंतर त्या बायका त्यांच्याशी मोकळ्या होतात, हात धरून चालतात, घरचं सांगतात, त्यांना ताई म्हणायला लागतात. पुण्याला तुमच्या घरी येऊ, असंही म्हणतात. आणि एक तरुण मुलगी विचारते की आम्ही तिथे आलो तर तुम्ही आता वागताय तशाच वागाल ना.

हा लेख मी वाचला तो वारीहून आल्यावर, कोथरूडच्या खोलीत, फोनवर, झोपायच्या आधी. त्या मुलीपाशी थांबलो. पुढचं त्या दिवशी वाचता आलं नाही. कारण परभणीचे काका.

आमच्या दिंडीत पंगत एकच होती. हे स्पष्ट सांगायला हवं. वाढणारे सगळ्यांना सारखं वाढत, कुणी कुणाला उठवत नव्हतं. पिठलं-भाकरी, कधी आमटी-भात, एकादशीला साबुदाणा. मी हौसेने वाढायला जायचो. आणि माझ्या लक्षात आलं की काका पंगतीत नसतात. पंगत उठली की ते येतात, स्वतःच्या ताटात घेतात आणि ट्रकच्या मागच्या चाकापाशी बसून खातात. पहिले काही दिवस मला वाटलं गर्दी आवडत नसेल. मग वाटलं पथ्य असेल.

आणि मग मी एक गोष्ट केली जी सांगायला आवडत नाही. दिंडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विमा आणि आरोग्य तपासणीसाठी सगळ्यांची पूर्ण नावांची यादी आली होती. जेजुरीच्या मुक्कामी रात्री मी ती उघडली आणि काकांचं आडनाव शोधलं. का शोधलं? सवयीने. ट्रेनमध्ये, कॉलेजात, ऑफिसात, माणूस जरा कळेनासा झाला की आपल्याकडे आडनाव बघतात. मीही बघितलं, आणि मला 'कळलं'. ते काय होतं हे मी इथे लिहिणार नाही, तुम्हीही शोधायला लागाल.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याशी जरा जास्तच गोड वागलो. त्यांच्या हे लक्षात आलं असणार. माणसं या बाबतीत फार हुशार असतात, त्यांना व्हावंच लागतं.

भंडीशेगावच्या मुक्कामी मी माझं ताट घेऊन ट्रकच्या चाकापाशी गेलो. त्यांनी जागा करून दिली. मी सरळच विचारलं, "काका, तुम्ही पंगतीला का बसत नाही? कुणी काही बोललं का?"

"कोण बोलतंय आता," ते म्हणाले. "कुणीच नाही." मग बराच वेळ भाकरी मोडत राहिले. लहान असताना ते वडिलांबरोबर वारीला येत. वेगळ्या दिंडीत, ती आता राहिली नाही. तेव्हा वडील सांगत, पंगत उठली की आपण जायचं, तोवर गाडीमागं बसायचं. वडील गेले, दिंडी मोडली, काकांनी स्वतः वर्गणी भरून या दिंडीत नाव लावलं. "इथं पहिल्या वर्षीच म्हणाले, बसा माऊली. बसलो की एकदा. घास उतरंना, लेकरा." आणि हसले. "बाप बघायलाय असं वाटलं."

मला बोलायला काही सुचलं नाही. मी तिथेच बसून जेवलो. वाखरीलाही. आणि तेवढ्यावर स्वतःवर खूश झालो, इरावतीबाईंनी ओलांडलेली रेघ आपणही ओलांडली, असं काहीसं. पण तेव्हा मी तो लेख वाचलेला नव्हता. वाचला आणि लक्षात आलं की बाईंचं ताट घेऊन जाणं हा लेखाचा सोपा भाग आहे. त्या मुलीने विचारलेलं अवघड आहे.

वारीनंतर आम्ही फोनवर बोलायचो. म्हणजे ते बोलायचे पावसाबद्दल आणि मी 'हो का' म्हणायचो. पेरणी उशिरा झाली, सोयाबीन पिवळं पडलं, अशा बातम्या. वारीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आता फक्त सुप्रभात येतं. बाकी दहा माऊलींपैकी बहुतेकांना मी फोन केलेला नाही, त्यांनीही नाही. त्याचं वाईट वाटत नाही. बाबांच्या शटलसारखंच ते.

डिसेंबरात काकांचा फोन आला. त्यांचा पुतण्या तारापूर एमआयडीसीत कंत्राटावर लागला होता, त्याला भेटायला ते बोईसरला आले होते. "तुमचं सालवड कुठंय म्हणावं?" मी नेमका सुट्टीला घरी होतो. बाईकवर त्यांना घेऊन आलो. हवेत नेहमीचा तो कारखान्याचा वास होता, त्यांनी नाकाला उपरणं लावलं. गावात पुतण्यासारखेच बाहेरून आलेले कामगार, खोल्यांच्या रांगा, नळाला पाण्यासाठी रांग. ते म्हणाले, "मुक्कामाच्या तळावानीच आहे की."

आईला मी सगळं सांगितलेलं नव्हतं. वारीतले काका येणार, एवढंच. तिने तांदळाच्या भाकऱ्या केल्या, वाल केले, गोड म्हणून शेवया. बाबांनी त्यांना वाकून नमस्कार केला, काकांनी बाबांना केला, दोघांचे फेटा आणि टक्कल एकमेकांना धडकता धडकता राहिले. बाबांनी कपाटातून शटलमधले टाळ काढून दाखवले. काकांनी ते वाजवून पाहिले आणि एका टाळाची दोरी बदला म्हणाले.

आईने आत पाट मांडले होते. तीन. ताटं वाढली आणि म्हणाली, "या भाऊ, बसा." काका उठले, हात धुतले, आत आले. पाटाकडे बघितलं. मग ताट उचललं आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

आईने माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं तिचं काही चुकलं. मी माझं ताट उचलणारच होतो, तेवढ्यात बाबा उठले. काही न विचारता स्वतःचं ताट घेऊन बाहेर गेले आणि काकांच्या शेजारी टेकले. गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसायला बराच वेळ लागतो. मग मी गेलो. मग आई भाकऱ्यांचं टोपलं घेऊन आली आणि उंबऱ्यावर बसली.

काकांनी दुसरी भाकरी घेतली. रस्त्यावरून एक केमिकलचा टँकर गेला, ओटा थरथरला, आणि त्यांनी वाटीवर हात धरला.

"औंदा येणार ना?" त्यांनी मला विचारलं.

"रजा बघतो," मी म्हणालो.

"रजा नको बघू. चार्जर बघ."